हाताचा उतार आणि मानाचा चढ

व्यावसायिक खेळाडूचे चरित्र लिहिताना एक आलेख ठरलेला असतो : हलाखीतला आरंभ, यशाचे शिखर आणि मग उतार. हा आलेख आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की उतार नेमका कशाचा, हे आपण विचारीतच नाही. पालवणकर बाळू (१८७६–१९५५) यांच्या बाबतीत ते विचारणे भाग आहे, असे आम्हांला वाटते.

चर्मकार समाजात जन्मलेले बाळू १८९२च्या सुमारास पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर नोकरीस लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळ्या लावायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, असे कामाचे स्वरूप होते. कॅप्टन ग्रेग यांना त्यांनी असंख्य चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हाती सहसा दिली गेली नाही. त्यांची डावखुरी फिरकी अशी चाकरीतून घडली. पुढे युरोपियनांना हरवण्याच्या ईर्ष्येने पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना सामावून घेतले. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत असे; विश्रांतीच्या वेळी त्यांचा चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई.

प्लेगच्या काळात ते मुंबईला आले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी मिळवलेल्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला संघ बहुतेक सामने हरला. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

येथवर कथा नेहमीच्या वळणाने जाते. पुढे मात्र ती आलेखात मावत नाही. गुण आणि ज्येष्ठता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच, हा मान बाळूंचा होता, असे बोलून दाखवले. १९२० साली अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर राहिले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी अजिंक्यपद मिळवले. तोवर बाळूंचा खेळ संपला होता.

म्हणजे येथे दोन आलेख आहेत. एक हाताचा, जो १९११ साली शिखरावर होता. दुसरा मानाचा, जो हाताची उमेद ओसरल्यावर कोठे चढू लागला आणि धाकट्या भावापाशी जाऊन पोहोचला. या दोन रेषांमधले अंतर म्हणजे बाळूंची खरी कारकीर्द.

अशी उदाहरणे इतर खेळांतही आढळतात. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचे भारतीय वंशाचे गोल्फपटू ‘पापवा’ सेवगोलम हे मूळचे कॅडी, म्हणजे साहेबांच्या काठ्या वाहणारे. १९५९, १९६० आणि १९६४ साली त्यांनी डच ओपन जिंकली. १९६३ साली नाताळ ओपन जिंकल्यावर मात्र त्यांना करंडक क्लबच्या इमारतीबाहेर पावसात स्वीकारावा लागला. पुढे वर्णभेदी सरकारने त्यांना देशातील प्रमुख स्पर्धांची दारे बंद केली. त्यांच्या घसरणीला केवळ वय वा फॉर्म कारणीभूत ठरवणे जितके अपुरे, तितकेच बाळूंच्या बाबतीतही.

बाळूंचे राजकारण हा त्यांच्या उताराचा शेवटचा टप्पा मानण्याची चूकही होते. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबईत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. स्वतंत्र मतदारसंघांना विरोध ही त्यांची स्वतःची भूमिका होती. ती कोणाला पटो न पटो, तिचे श्रेय किंवा दोष त्यांना द्यायला हवा. ज्याला मैदानावर निर्णयाचा अधिकार नाकारला गेला, त्याचे राजकीय निर्णयही दुसऱ्याच्या नावे लिहिणे म्हणजे तोच अन्याय पुन्हा करणे होय.

विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. बाळूंच्या स्वतःच्या शब्दांतले असे चरित्र आपल्यापाशी नाही; ते भेटतात ते भावाच्या आठवणींतून आणि जुन्या धावफलकांतून. धावफलकात बळींचा रकाना असतो, नाकारलेल्या कर्णधारपदाचा नसतो. चरित्र वाचताना आणि शिकवताना तो रकाना आपणच आखला पाहिजे.