दिनकर बळवंत देवधर

दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी १८९२, पुणे – २४ ऑगस्ट १९९३, पुणे) हे भारतीय क्रिकेटपटू, महाराष्ट्राच्या रणजी संघाचे कर्णधार आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक होते. क्रिकेटच्या जगात ते ‘प्रा. देवधर’ या नावाने ओळखले जात. १९११ साली सुरू झालेली त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द दुसऱ्या महायुद्धानंतरही चालू होती. पहिल्या महायुद्धापूर्वी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशा दोन्ही काळांत प्रथम श्रेणी सामने खेळलेल्या मोजक्या खेळाडूंत त्यांची गणना होते. भारताकडून अधिकृत कसोटी सामना खेळण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही.

पार्श्वभूमी

देवधरांच्या तरुणपणी भारतात क्रिकेटवर उपजीविका चालवणे जवळजवळ अशक्य होते. संस्थानिक आणि धनिक हौसेखातर खेळत. सामान्य घरातील खेळाडूला पोटासाठी दुसरे काम पाहावे लागे. थोर फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांनी पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याची नोकरी केली आणि तेथेच फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते घडले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी मिळवले. देवधरांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी अध्यापनाचा व्यवसाय पत्करला आणि त्याच्या आधारावर क्रिकेट चालू ठेवले.

ते ज्या महाविद्यालयात शिकवत, ते शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ साली न्यू पूना कॉलेज या नावाने स्थापन केले होते. पुढे त्याचे नाव सर परशुरामभाऊ महाविद्यालय असे झाले. देवधरांच्या नावामागे कायमची जोडली गेलेली ‘प्राध्यापक’ ही उपाधी या नोकरीतून आलेली आहे.

प्रारंभीची कारकीर्द

त्या काळी भारतातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा मुंबईत धर्मनिहाय संघांमध्ये खेळली जाई. युरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्यातील तिरंगी सामने १९१२ पासून मुसलमान संघाच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ पासून ‘इतर’ या संघाच्या प्रवेशाने पंचरंगी झाले. देवधर १९११ साली हिंदू संघाकडून खेळू लागले. उजव्या हाताने फलंदाजी करणारे देवधर आक्रमक खेळाबद्दल प्रसिद्ध होते.

एम.सी.सी.विरुद्धचे शतक

१९२६–२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ भारतात आला. १ डिसेंबर १९२६ रोजी हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी या पाहुण्यांविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. त्याच महिन्यात मुंबईच्या जिमखाना मैदानावर अखिल भारतीय संघाचा सामना झाला. त्यात देवधरांनी १४८ धावा काढल्या आणि यजमानांनी पहिल्या डावात आघाडी घेतली.

या दोन खेळींना धावसंख्येपलीकडचे महत्त्व आहे. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या बरोबरीने खेळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. भारताला कसोटी दर्जा मिळावा या मागणीला या दौऱ्यानंतर बळ आले आणि १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली.

कसोटी संघाबाहेर

भारताचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्स येथे सुरू झाला. त्या दौऱ्याच्या संघात देवधर नव्हते. संघाचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. प्रत्यक्ष कसोटीत ते खेळले नाहीत आणि नेतृत्व नायडूंनी केले. नायडू तेव्हा ३६ वर्षांचे होते, तर देवधर ४० वर्षांचे. भारतातील पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये मुंबई जिमखान्यावर झाली. सात वर्षांपूर्वी देवधरांनी १४८ धावा केल्या होत्या त्याच मैदानावर लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले. ज्या दर्जासाठी देवधरांच्या पिढीने दावा सिद्ध केला, तो मिळेपर्यंत त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

महाराष्ट्राचे कर्णधारपद

देवधरांच्या कारकिर्दीचा सर्वांत यशस्वी भाग यानंतरचा आहे. १९३४–३५ मध्ये प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. धर्माऐवजी प्रदेश हा संघाचा आधार झाल्याने पुण्याच्या आणि आसपासच्या खेळाडूंना मुंबईहून वेगळे, स्वतःचे व्यासपीठ मिळाले.

त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९–४० आणि १९४०–४१ असे सलग दोन हंगाम रणजी करंडक जिंकला. पहिल्या वर्षी पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा १० गडी राखून पराभव झाला, तर दुसऱ्या वर्षी मद्रासमध्ये मद्रास संघावर ६ गडी राखून विजय मिळाला. १९३९–४० च्या हंगामातच विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक होय. या डावात हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागीदारी केली.

१९४०–४१ मध्ये मुंबईविरुद्ध पुण्यात झालेल्या सामन्यात देवधरांनी २४६ धावा केल्या. त्या वेळी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या आणि मुंबईने ६५० पर्यंत मजल मारली. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीवर निकाल ठरत असल्याने २५ धावांचे हे अंतर निर्णायक ठरले. २४६ ही देवधरांची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या आहे. १९४४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्धच्या सामन्यात दोन्ही डावांत शतके (१०५ आणि १४१) ठोकली.

आकडेवारी

प्रथम श्रेणी सामने: ८१
धावा: ४,५२२
सरासरी: ३९.३२
शतके: ९
सर्वोच्च धावसंख्या: २४६

यांतील अनेक मोठ्या खेळी वयाच्या चाळिशीनंतरच्या आहेत.

निवृत्तीनंतर

खेळातून निवृत्त झाल्यावर देवधरांनी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य म्हणून काम केले. क्रिकेटवर त्यांनी विपुल लेखन केले. ‘आय लुक बॅक’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९६६ साली प्रसिद्ध झाले. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली.

वयाच्या १०१ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

सन्मान

भारत सरकारने देवधरांना १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण देऊन गौरवले. १९९६ साली भारतीय क्रिकेटपटूंवरील टपाल तिकिटांच्या मालिकेत त्यांच्या नावे तिकीट काढण्यात आले. १९७३–७४ पासून खेळल्या जाऊ लागलेल्या विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेला ‘देवधर करंडक’ असे नाव देण्यात आले. पहिल्या वर्षी दक्षिण विभागाने तो जिंकला.