बुऱ्हाणपूरच्या मळ्यांचा तोटा कोणी सोसायचा?

हंगामाआधी शेतकऱ्याच्या हातात पैसे ठेवायचे आणि पुढे मळ्यात जे निघेल ते आठवड्याला टोपलीभर घ्यायचं, ही पद्धत आपल्याकडे परदेशी नवलाई म्हणून सांगितली जाते. जपानमध्ये 1970 च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने ती रुजली, अमेरिकेत 1986 मध्ये असे पहिले मळे उभे राहिले, हे खरंच आहे. पण पिकवणाऱ्याचा काही भार खाणाऱ्याने आधीच उचलायचा, ही तिच्या मुळाशी असलेली समजूत बुऱ्हाणपूरला चारशे वर्षांपूर्वीही होती, असं माझं म्हणणं आहे. तिचा पुरावा या शहराच्या पोटात अजून वाहतो आहे.

1601 मध्ये अशीरगड पडला आणि बुऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनचं ठाणं झालं. फौज, सराया, कारखाने वाढले. तापी खोल पात्रातून वाहणारी, तिचं पाणी वर चढवणं कष्टाचं. मोगल सरदार खानखाना अब्दुर्रहीमच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी वाटेतच अडवलं. जमिनीखाली बोगदे खोदले, त्यांवर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या काढल्या. अशा भूमिगत जलमार्गांना इथे भंडारा म्हणतात; एकट्या कुंडी भंडाऱ्यात शंभराच्या आसपास कुंड्या आहेत. आत उतरलं की भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे पांढरे थर दिसतात. इथे मोट नाही, बैल नाहीत. केवळ उतारावरून पाणी जाळी करंज या साठवणीच्या हौदापर्यंत येतं. सुखा भंडाऱ्याचं पाणी तर पानमळ्यांसाठी आणि लालबागेसाठी होतं. मोटेवर भिजणाऱ्या मळ्यात माळ्याची निम्मी ताकद पाणी उपसण्यातच जाते. तो भार इथे पिकवणाऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावरून उतरला होता.

यावर कोणी म्हणेल, ही तर बादशाही सोय. फौजेसाठी केलेली आणि रयतेच्याच सारावसुलीतून भागवलेली. यात लोकांची भागीदारी कुठे? आक्षेप बराचसा खरा आहे, आणि त्याचं वजन 1630 ते 1632 च्या दुष्काळात दिसतं. गुजरात-दख्खन होरपळत असताना शाहजहानचा मुक्काम बुऱ्हाणपुरातच होता. लंगर उघडले गेले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम निघाला. पण ते दान होतं, मेलेल्या पिकाची भरपाई नव्हती. पाणी वाटून घेणाऱ्या शहराने तोटा वाटून घेतला नव्हता, एवढं मान्य करूनच पुढे जावं लागतं.

तोटा वाटून घेण्याची रीत होती ती गावात, खळ्यावर. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर काम करत आणि सुगीला बलुतं घेत. पीक बुडालं की त्यांचा वाटाही आटायचा. इथे मात्र भाबडेपणा परवडणार नाही. ती जातीने बांधलेली सक्ती होती. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते गावकीच्या कामाला अशाच बांधलेल्या महारांना त्या बेडीतून सोडवायला. म्हणून बलुत्यातून उचलायचं ते एवढंच, की वाटा पिकाबरोबर कमी-जास्त होतो. माणसाला जन्माने कामाला जुंपणं तिथेच गाडून टाकायला हवं. हंगामी टोपलीचा करार मला मोलाचा वाटतो तो यासाठी, की त्यात तोटा वाटला जातो आणि तरी कोणी कोणाचा वेठबिगार नसतो.

आज बुऱ्हाणपूर म्हणजे केळी. वर्षभर शेत अडवून बसणारं, दूर उत्तरेच्या बाजारात जाणारं पीक. त्याने पैसा आणला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उन्हाळ्यातल्या एका वादळात बाग आडवी झाली तर दिल्लीत केळं खाणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. पावसाळ्यात गिलकी-दोडकी, थंडीत भरताची वांगी आणि मेथी, उन्हाळ्यात काकडी-टरबूज असा मळा शहराला लागून असेल, तर खाणाराही ऋतूला बांधला जातो. एखाद्या आठवड्याला टोपली अर्धी येईल, मेथी अळीने खाल्लेली निघेल. तेवढं चालवून घेणारी पन्नास घरं बुऱ्हाणपुरात जूनच्या आधी पुढे आली, तर केळीच्या कडेला एकरभर भाजी लावायला शेतकरी तयार होईल. पैसे मात्र पेरणीआधी द्यायला हवेत.