मुलींची शाळा : दार आणि भिंत

मुलींची शाळा वेगळी असावी की मुलांबरोबर, हा वाद जुनाच. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींसाठी वेगळी शाळा काढली. मुलांच्या शाळेत त्या काळी किती घरांनी लेकी धाडल्या असत्या? १८८४ मध्ये हुजूरपागा निघाली; पुढे टिळकांच्या ‘केसरी’चा रोख तिथल्या अभ्यासक्रमावर होता. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापले. माध्यम मातृभाषा, विषयांत गृहजीवनशास्त्र. कायद्याची मान्यता मात्र १९५१ मध्ये मिळाली. वेगळी शाळा हे दार होते. वेगळा अभ्यासक्रम भिंत ठरू शकतो. अंतरवाली सराटीसारख्या गावातली लेक शाळेत निघते, तेव्हा दोनच गोष्टी विचाराव्यात : वाट निर्धोक आहे ना? आणि मुलांइतकेच गणित, विज्ञान तिला मिळते ना?