पत्रोत्तराची मराठी रीत

पत्राचें उत्तर लिहितांना मूळ पत्रांतील किती मजकूर त्यांत उतरून घ्यावा, हा प्रश्न ई-मेलच्या युगांत नव्यानें पुढें आला असला, तरी तो नवा नव्हे. एका पत्रावर दहा मंडळी उत्तरें देऊं लागली, कीं प्रत्येक उत्तराच्या शेपटीला मागचीं सारीं पत्रें लोंबत राहतात, आणि कोण कोणास काय म्हणतो याचा थांग लागेनासा होतो. म्हणून १९९५ च्या ऑक्टोबरांत इंटरनेटवरील शिष्टाचाराची एक नियमावली प्रसिद्ध झाली. 'आरएफसी १८५५' या रूक्ष क्रमांकानें ती ओळखली जाते. उत्तराच्या आरंभीं मूळ पत्राचा सारांश द्यावा, अथवा संदर्भ कळण्यापुरताच त्यांतील मजकूर ठेवावा, असें तींत सांगितलें आहे. पेशवाईंतील एखाद्या कारकुनास हें वाचून दाखविलें असतें, तर यांत नवें तें काय, असेंच त्यानें विचारलें असतें.

त्या काळच्या उत्तराचा घाट ठरलेला असे. मायना, नमस्कार व स्वतःकडील कुशल एवढें झालें, कीं 'विशेष' या शब्दापासून कामाचा मजकूर सुरू होई. प्रथम पत्राची पोंच. मग त्या पत्रांत काय होतें याचा गोषवारा. आणि तो संपला कीं 'म्हणोन लिहिलें' हे शब्द. पुढें 'त्यास' किंवा 'ऐशियास' अशी सुरुवात करून लेखक स्वतःचें म्हणणें मांडी. दुसरा विषय निघाला, कीं पुन्हां गोषवारा, पुन्हां 'म्हणोन', पुन्हां 'त्यास'. मोडींत ना परिच्छेद, ना विरामचिन्हें. शब्दसुद्धां सुटे नाहींत. अशा लिपींत दुसऱ्याचें बोलणें कोठें संपलें आणि स्वतःचें कोठें सुरू झालें, हें दाखविण्याचा भार या एका 'म्हणोन'वर होता. ई-मेलमध्यें उतरून घेतलेल्या ओळीच्या आरंभीं बाणाच्या टोकासारखी जी खूण करतात, तिचें काम याहून निराळें नाहीं. फरक इतकाच, कीं ती खूण बोलण्याच्या आधीं येते आणि 'म्हणोन' बोलणें पुरें झाल्यावर.

ही पुनरुक्ति हौसेची नव्हती. दिल्लीस हिंगणे वकील, पुण्यास दरबार. मध्यें चंबळ, नर्मदा आणि जासूदांचे पाय. उत्तर हातीं पडेतोंवर आपण काय लिहिलें होतें हें लिहिणाऱ्यासच आठवेल याचा भरंवसा नसे. वाटेंत पत्रें गहाळ होत, कधीं पकडलींही जात. शिवाय दरबारी पत्र एकट्या धन्यासाठीं नसे. मूळ पत्र ज्यानें पाहिलेलें नाहीं अशा कारभाऱ्यासही त्यावरून प्रकरण उमगावें लागे.

विषय पुष्कळ असले, कीं कलमवार यादी होई आणि एकेका कलमास त्याचें त्याचें उत्तर मिळे. असें कलमवार उत्तर देण्यांत काय लाभ असतो, तें १६७४ च्या जूनमध्यें रायगडावर दिसून आलें. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन यानें तहासाठीं २० कलमें मांडलीं. निराजीपंतांमार्फत मिळालेलें उत्तर सरसकट होकाराचें नव्हतें, नकाराचेंही नव्हतें. दोन कलमें तेवढीं बाजूस काढण्यांत आलीं. इंग्रजांचें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें, या कलमावर उत्तर असें, कीं कोणत्याही नाण्यास मनाई नाहीं, पण तोटा सोसून तें घेण्याची सक्ति रयतेवर करतां येणार नाहीं. किनाऱ्यावर फुटलेलीं गलबतें परत द्यावीं, हें कलम कोंकणच्या वहिवाटीविरुद्ध म्हणून नाकारलें गेलें. मात्र या दोन नकारांनीं बाकीच्या कलमांचा घात केला नाहीं.

गोषवाऱ्याच्या या रीतीचें सर्वांत मोठें ऋण इतिहाससंशोधकांवर आहे. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. पुढें रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. पुष्कळशा पत्रांवर मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, पण सन नसतो. उत्तरांत मूळ पत्राचा चंद्र आणि तें पावल्याचा दिवस दिलेला असला, तर प्रवासास किती दिवस लागले तें कळतें, आणि मजकुरावरून वर्षही ठरवितां येतें. मूळ पत्रच नष्ट झालें असलें, तरी त्याचा सांगाडा उत्तरांत शिल्लक राहतो.

परंतु हा सांगाडा उत्तर देणाऱ्याच्या हातचा असतो, हें विसरून चालत नाहीं. दुसऱ्याचें म्हणणें किंचित् लंगडें करून मांडलें, कीं त्याचें खंडन सोपें होतें. ही युक्ति दरबारी मुत्सद्द्यांस ठाऊक नव्हती, असें मानणें भोळेपणाचें होईल. कागदाच्या शेवटीं 'लेखनसीमा' अशा अक्षरांचा शिक्का उमटवीत, त्यामुळें पत्राखालीं मागाहून ओळ घुसडण्याची सोय उरत नसे. गोषवाऱ्यास असा कोणताच पहारा नव्हता. म्हणून पुण्याच्या एखाद्या उत्तरांत दिल्लीच्या पत्राचा गोषवारा आढळला, तर त्याचें मूळ हिंगण्यांच्या कागदांत सांपडतें काय, हें पाहिल्यावांचून जाणता संशोधक त्यावर भिस्त ठेवीत नाहीं.