पाण्याखालचा पुरावा : छोट्या कॅमेऱ्याच्या निवडीमागचा मोठा इतिहास

१/ यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीत जाते आणि हे सारे पाणी अखेर बंगालच्या उपसागराला पोहोचते. इथला इतिहासप्रेमी तरुण मात्र नेमका उलट दिशेने, पश्चिमेला मालवणकडे निघतो. कारण सिंधुदुर्ग तिथे आहे. हल्ली किल्ला पाहून झाला की तो त्याच किल्ल्यालगतच्या समुद्रात स्कूबाची डुबकीही घेतो. मग प्रश्न उभा राहतो : पाण्याखाली नेण्यासाठी छोटा कॅमेरा कोणता घ्यावा? दुकानातल्या यादीपेक्षा या प्रश्नाचे उत्तर इतिहास अधिक चांगले देतो. तोच आजचा विषय.

२/ सुरुवात १८५६ सालची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन या गृहस्थांनी काच बसवलेल्या लाकडी पेटीत कॅमेरा बंद करून तो होडीतून पाण्यात सोडला. खोली सुमारे साडेपाच मीटर. काही मिनिटांनी पेटी वर काढली, तेव्हा आत पाणी शिरलेले होते! तरीही काचपट्टीवर समुद्रतळाची पुसट आकृती उमटली होती. पाण्याखालचे पहिले छायाचित्र म्हणून ते ओळखले जाते आणि पाण्याखालचा पहिला धडाही त्यातच आहे : कॅमेऱ्याची पहिली लढाई गळतीशी असते.

३/ दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणून कॅमेऱ्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे एवढ्यावर भागत नाही. किती मीटरपर्यंत, हा आकडा पाहावा लागतो. गोप्रोसारखे अलीकडचे ॲक्शन कॅमेरे कवचाशिवाय १० मीटरपर्यंत चालतात. ओएम सिस्टमचा टीजी-७ उघडा १५ मीटरपर्यंत आणि त्याच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे जलरोधक कवचात, ४५ मीटरपर्यंत जातो. कवचाची सारी भिस्त ओ-रिंग नावाच्या रबरी कड्यावर असते. त्यावर वाळूचा एक कण किंवा एखादा केस अडकला, तरी थॉम्पसनच्या पेटीची गत होते.

४/ थॉम्पसन स्वतः पाण्यात उतरले नव्हते. ते धाडस केले लुई बूताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने, १८९३ मध्ये, बान्यूल्स-सूर-मेर येथे. जड शिरस्त्राणाचा पाणबुड्याचा पोशाख चढवून ते तळाशी गेले. त्यांचे अभियंता बंधू ऑग्युस्त यांनी कॅमेऱ्याची पेटी रचली होती. आतला-बाहेरचा दाब समान राहावा म्हणून तिला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला होता. सूर्यप्रकाशात एकेका चित्राला अर्धा अर्धा तासही लागे. एवढा वेळ कोणता मासा स्थिर राहील? म्हणून बूताँ कृत्रिम प्रकाशाकडे वळले. ऑक्सिजनने भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकायची, अशी त्यांची एक युक्ती होती.

५/ प्रकाशाची गरज केवळ अंधारामुळे नसते. पाणी रंग गिळते. पहिल्या पाच-सहा मीटरांतच तांबडा रंग बहुतांशी नाहीसा होतो आणि मागे निळसर-हिरवी छटा उरते. १९२६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवून पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. पाण्याने गिळलेला रंग परत आणण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला होता. आज तेच काम मुठीत मावणारा स्ट्रोब किंवा व्हिडिओ-दिवा करतो.

६/ पण दिवा कुठे ठेवायचा, हेही महत्त्वाचे. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो; तो पाण्यातल्या गाळाचे कण समोरून उजळतो आणि चित्रावर जणू भुरभुर हिमवर्षाव होतो. दिवा लवचीक दांडीवर, भिंगापासून दूर आणि थोडा तिरका बसवला, की हा दोष कमी होतो. कोकणच्या गढूळ पाण्यात ही दांडी अधिक मेगापिक्सेलपेक्षा मोलाची ठरते.

७/ तिसरा अडथळा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा. पाण्याखाली सपाट काचेतून पाहिले, की वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाव अंतराने जवळ आणि मोठी भासते. भिंगाचा दृष्टिकोन अरुंद होतो. मोठी वस्तू चौकटीत मावावी म्हणून छायाचित्रकार मागे सरकतो आणि मध्ये आणखी गढूळ पाणी येते. उपाय एकच : रुंद कोनाचे भिंग लावून वस्तूच्या जवळ जायचे. पाण्याखालीच चढवता-उतरवता येणारी ‘वेट लेन्स’ छोट्या कॅमेऱ्याला ही सोय देते.

८/ छोटा कॅमेराच का? १९४३ मध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमील गान्याँ यांनी ॲक्वालंग सिद्ध केले, पाणबुड्याची वरच्या हवानळीपासून सुटका झाली आणि तो माशासारखा मोकळा फिरू लागला. मोकळ्या माणसाला अवजड पेटी कशी परवडणार? कुस्तोंच्या परिवारातील बेल्जियन अभियंते झाँ द वूटर्स यांनी वेगळ्या कवचाची गरजच नसलेला ‘कॅलिप्सो’ कॅमेरा घडवला. १९६३ मध्ये निकॉनने तो ‘निकोनॉस’ नावाने आणला आणि पुढची जवळजवळ चार दशके ती मालिका चालली. आजचा प्रत्येक छोटा जलरोधक कॅमेरा त्याच कुळातला.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाला खरा रस पुढच्या टप्प्यात आहे. १९६० मध्ये तुर्कस्तानच्या गेलिडोन्या भूशिराजवळ जॉर्ज बास यांनी कांस्ययुगीन जहाजाचे अवशेष प्रत्यक्ष तळाशी उतरून शास्त्रीय पद्धतीने उत्खनित केले. तोवर बुडालेले जहाज म्हणजे बहुधा खजिना. जे हाती लागेल ते वर आणायचे. बास यांच्या पिढीने दाखवून दिले की वस्तू कोणत्या वस्तूशेजारी, कशी पडली आहे, हाच खरा पुरावा. वस्तू उचलली की तो कायमचा पुसला जातो. तो टिकवायचा, तर आधी मोजमाप आणि छायाचित्र हवे.

१०/ आपल्याकडे हे शास्त्र गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजले. लोथलचे उत्खनन करणारे एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात शोधमोहिमा चालवल्या. पुढे याच संस्थेने गोव्याजवळच्या सुंची खडकावरील सतराव्या शतकातील जहाजाच्या अवशेषांचा अभ्यास केला. तिथे हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. आफ्रिका, चीन आणि गोवा यांना जोडणारा व्यापार अवघ्या काही मीटर पाण्याखाली पडून होता.

११/ याउलट आज समाजमाध्यमांवर ‘समुद्रात बुडालेल्या नगरी’ची संगणकाने रचलेली चित्रे सर्रास फिरतात. त्यांत खांब उभे, पाणी स्फटिकासारखे, प्रमाणपट्टी कुठेच नाही. खऱ्या पुराव्याचे चित्र बहुधा हिरवट, धूसर आणि साधे असते. पण त्यात मोजपट्टी असते, दिशा असते, खोली आणि तारखेची नोंद असते. एकाच वस्तूची चहूबाजूंनी, एकमेकांवर निम्म्याहून अधिक येणारी अनेक छायाचित्रे घेतली, तर संगणक त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती उभारतो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, शिस्त लागते.

१२/ म्हणून निवडीचा क्रम असा. प्रथम प्रशिक्षण : पाण्यात तरंगते स्थिर राहता आले पाहिजे. पहिल्या डुबकीत कॅमेरा नकोच. भान चित्रात गुंतते आणि पाय प्रवाळावर आपटतो. मग आपल्या खोलीला पुरेसे कवच आणि सुट्या ओ-रिंग. मग रुंद कोनाचे भिंग. मग दांडीवरचा दिवा. कॅमेऱ्याचे नवे मॉडेल सर्वांत शेवटी. कवच आधी कॅमेऱ्याविना पाण्यात बुडवून तपासावे आणि डुबकीनंतर गोड्या पाण्यात भिजवून ठेवावे. पाण्याखाली काही जुने दिसले, तर चित्र घ्यावे, जागा नोंदवावी, पुरातत्त्व विभागाला कळवावे. वस्तूला हात लावू नये.

१३/ सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ ची. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तो आहे. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत. तटाचे दगड आता जगाच्या पहाऱ्यात आले. त्या तटाभोवती साडेतीनशे वर्षे ये-जा करणाऱ्या गलबतांचे जे काही तळाशी उरले असेल, त्याला मात्र पहारा नाही. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आता कॅमेरा असतो. त्या हाताने वस्तू उचलायची की साक्ष नोंदवायची, एवढेच ठरवायचे आहे.