पन्नास रुपयांची सेवा

महाराष्ट्रात आज सुमारे 70 हजार आशा काम करतात. सरकारी कागदांत त्यांच्या नावाला 'स्वयंसेविका' हा शब्द जोडलेला असतो. त्यांना मिळणाऱ्या पैशाला 'मानधन' किंवा 'मोबदला' म्हणतात, 'पगार' म्हणत नाहीत. या शब्दांमागे जवळपास अर्धशतकाचा इतिहास आहे.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने नगर जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. शाळेची पायरीही न चढलेल्या बायका प्रशिक्षण मिळाले की बाळंतपण सांभाळतात, जुलाबाने सुकलेले मूल वाचवतात, हे तिथे सिद्ध झाले. त्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्याच काळात चीनच्या 'अनवाणी डॉक्टरां'चे जगभर कौतुक होत होते. त्यांना शेतकऱ्यांच्या सामूहिक उत्पन्नातून श्रमाच्या गुणांप्रमाणे वाटा मिळे, ही गोष्ट मात्र त्या कौतुकात फारशी कुणी सांगितली नाही.

भारतात जनता सरकारने 2 ऑक्टोबर 1977 रोजी, गांधी जयंतीचा मुहूर्त साधून, देशव्यापी योजना आणली. हजार लोकवस्तीमागे गावातलाच एक माणूस निवडायचा, त्याला तीन महिने शिकवायचे आणि हातात औषधांची पेटी द्यायची. मोबदला महिना 50 रुपये. दिवसाचे दोन-तीन तासच काम आहे, पोटापाण्याचा धंदा त्याने वेगळा करावा, असा हिशेब होता. निवडले गेले ते बहुतेक पुरुष.

या योजनेचे नाव कसे बदलत गेले ते पाहण्यासारखे आहे. 1977 साली तो 'आरोग्य कार्यकर्ता' होता, 1980 मध्ये 'आरोग्य स्वयंसेवक' झाला आणि 1981 मध्ये 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक'. कार्यकर्ता म्हटले की उद्या तो वेतन मागणार, कायम करा म्हणणार. स्वयंसेवकाला तो हक्क कुठला? 50 रुपये वर्षानुवर्षे 50 रुपयेच राहिले, महागाई तेवढी वाढली. मार्गदर्शकांनी मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. पुढे निधी आटला आणि योजना गावांच्या स्मरणातूनही गेली. चीनमध्येही 1980 च्या दशकात सामूहिक शेती मोडली, तसा अनवाणी डॉक्टरांच्या मोबदल्याचा आधार गेला आणि ती व्यवस्था ढासळली.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली. या वेळी निवड फक्त स्त्रियांची झाली, पण हिशेब जुनाच राहिला. ठरलेले वेतन नाही, कामागणिक पैसे. दवाखान्यातल्या बाळंतपणाचे इतके, लसीकरण पूर्ण केल्याचे इतके, नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी दिल्या तर 250 रुपये. बाई रात्रभर दवाखान्यात बसली आणि शेवटी बाळंतपण खासगीत झाले, तर त्या रात्रीची किंमत शून्य.

2013 पासून राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाने आशांना शहरी वस्त्यांत आणले. मालेगाव, भिवंडी, मुंब्र्याच्या मोहल्ल्यांसाठी ही मोठी गोष्ट होती. पोलिओच्या डोसाविषयी एके काळी देशभरातल्या मुस्लिम वस्त्यांत किती अफवा होत्या, हे आपण विसरलेलो नाही. ते दरवाजे पोस्टरांनी उघडले नाहीत. गल्लीतल्याच ओळखीच्या बाईने आणि मशिदीच्या इमामांनी ते उघडले. 13 जानेवारी 2011 नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण सापडला नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी फिरून ताप मोजणाऱ्याही याच बायका होत्या. त्या जोखमीसाठी केंद्राने महिन्याला वरचे 1000 रुपये दिले.

शाबासकीची कमतरता कधीच नव्हती. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. हक्काचा मामला मात्र रखडत गेला. अंगणवाडी सेविका या सरकारी पदावर नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. ती कागदावर राहिली. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. आशा त्याच्याही बाहेर राहिल्या.

हे अशक्य आहे म्हणावे, तर शेजारी पाहावे. पाकिस्तानात बेनझीर भुट्टोंच्या सरकारने 1994 मध्ये 'लेडी हेल्थ वर्कर' योजना सुरू केली. तिथल्या बायकाही तुटपुंज्या मानधनावर राबल्या, रस्त्यावर उतरल्या, कोर्टात गेल्या. 2010 नंतरच्या काही वर्षांत त्यांना सरकारी सेवेत कायम करण्यात आले. आपल्याहून हलाखीच्या तिजोरीने हे केले.

महाराष्ट्रात 2023 च्या संपानंतर आणि आझाद मैदानावरच्या ठिय्यानंतर राज्याने 5000 रुपयांची वाढ दिली. ती लढून मिळाली, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण वाढ म्हणजे नोकरी नव्हे. पंधरा वर्षे आशा असलेली बाई सोळाव्या वर्षीही आशाच असते. वरची जागा गटप्रवर्तकाची, तीही कंत्राटी. परिचारिकेच्या अभ्यासक्रमात आशांसाठी काही राज्यांनी जागा ठेवल्या, पण बहुतेकींना ती शिडी दिसतच नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही.

आपल्या मोहल्ल्यांत दहावी झालेल्या मुलीला घराजवळचे, घरच्यांना मान्य होईल असे काम फार थोडे मिळते. आशाचे काम तसे आहे. म्हणूनच ते 'सवाबचे काम' म्हणून स्वस्तात करून घेणे अधिक सोपे जाते. सवाब ज्याचा त्याला मिळेलच. पगाराचा हिशेब मात्र इथेच, महिन्याच्या एक तारखेला चुकता व्हायला हवा.