भुकेशी तह

कोल्हापूरच्या गादीच्या इतिहासात 1731 या सालाला मोठं महत्त्व आहे. त्या वर्षी वारणेचा तह झाला. साताऱ्याचे शाहू छत्रपती आणि कोल्हापूरचे संभाजी छत्रपती हे चुलतभाऊ. दोघेही शिवाजी महाराजांचे नातू. एकाच घरातली ही भाऊबंदकी बरीच वर्षं चालली, त्यात दोन्हीकडची माणसं आणि मुलूख होरपळला. शेवटी वारणा नदी ही हद्द ठरली. तहाच्या अटी साताऱ्याच्या बाजूला झुकलेल्या होत्या. तरीही कोल्हापूरचं वेगळं अस्तित्व मान्य झालं आणि लढाईत खर्च होणारी ताकद राज्य सावरायला मोकळी झाली. शरणागती वेगळी आणि तह वेगळा, हे या मातीला तेव्हापासून ठाऊक आहे.

आज मला अशाच एका घरातल्या लढाईबद्दल बोलायचं आहे. ही लढाई माणसाचं मन आणि त्याचंच शरीर यांच्यात चालते, आणि तिचं रणांगण असतं जेवणाचं ताट. एखादी मुलगी हळूहळू खाणं सोडते. हाडं दिसू लागली तरी आरशात तिला स्वतः लठ्ठच दिसते. दुसरी एखादी चारचौघांत नीट जेवते, पण रात्री सगळे झोपल्यावर डबे रिकामे करते आणि मग घशात बोटं घालून ओकून टाकते. मुलींमध्ये हे जास्त आढळतं. मुलगेही सुटलेले नाहीत. याला आहारविकृती म्हणतात. ही थेरं नव्हेत. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीवघेण्या ठरणाऱ्या आजारांत हिची गणना होते.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात हे सांगितलं, तर कुणाला पटणार? आपल्याकडे पैलवानाचा खुराक हा कौतुकाचा विषय. पाहुण्याला आग्रह करून वाढणं हा घराण्याचा मान. अशा गावात न जेवणारी मुलगी म्हणजे हट्टी, नाहीतर दृष्ट लागलेली. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे. तिची दृष्ट काढली, पोटाची औषधं झाली, रागावून झालं. ‘अगं, दोन घास खा,’ म्हणून आई रडायची आणि मुलगी ताटासमोर दगडासारखी बसायची. त्या घरात प्रेमाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती या आजाराला नाव असण्याची.

वैद्यकाला तरी ते नाव कुठं लवकर सापडलं? 1689 साली रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्यानं अठरा वर्षांच्या एका मुलीची हकिगत लिहिली. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता, तरी ती झिजत गेली. त्यानं या झिजण्याचा संबंध मनातल्या दुःखाशी जोडला. पुढं 1873 साली पॅरिसचे लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल यांनी जवळजवळ एकाच वेळी या आजाराचं वर्णन केलं. गल यांच्या नावानं ओळखला जाणारा शब्द ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’. त्यांचा उपाय साधा होता: ठरावीक अंतरानं खायला घाला आणि घरच्यांपासून दूर ठेवा. नातेवाईक हे सर्वांत वाईट शुश्रूषा करणारे, असं त्यांचं मत. त्यानंतर अनेक दशकं नळीनं अन्न घालणं, एकांतात ठेवणं, वजन वाढलं की भेटीची परवानगी देणं असा सक्तीचाच मार्ग चालत राहिला. जीव वाचवायला कधीकधी सक्ती लागते, हे खरं. पण अनेकदा वजन वाढायचं, रुग्ण घरी जायचा आणि लढाई पुन्हा सुरू व्हायची. खाऊन ओकण्याच्या आजाराला तर ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव थेट 1979 साली जेराल्ड रसेल यांनी दिलं.

मधल्या काळात एक मोलाचा प्रयोग झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण स्वेच्छेनं आले होते; युद्धात शस्त्र धरायला त्यांनी नकार दिला होता. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशानं उतरलं. नवल पुढंच आहे. धडधाकट मनाची ही माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली. म्हणजे उपासमार स्वतःच मन बिघडवते. म्हणून या आजारात आधी शरीराला अन्न, आणि त्याच्याबरोबरीनं मनाला समज, असा क्रम लावावा लागतो.

इथं कुणी विचारेल, आपल्याकडे एकादशी आहे, रमजानचे रोजे आहेत, मग उपास वाईट का? उपासाला सुरुवात असते आणि शेवटही असतो. संध्याकाळी मगरिबची अजान झाली की खजूर तोंडात जातो, द्वादशीला पारणं फिटतं. आजारी माणसाला रोजातून सूट खुद्द कुराणानं दिली आहे. या आजाराच्या उपासाला पारणं नाही. शिवाय काही रुग्ण ‘मला बारीक व्हायचंय’ असं म्हणतही नाहीत. दिल्लीच्या मनोविकारतज्ज्ञांनी 1995 साली पाच तरुणींची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्या खात नव्हत्या, ओकत होत्या, झिजत होत्या. पण आपल्या शरीराविषयीचा तो पाश्चात्त्य पुस्तकांतला भ्रम त्यांच्यात दिसला नाही. लठ्ठपणाच्या भीतीचं वर्णन वाचून आपल्या घरातलं दुखणं ओळखता येईलच असं नाही.

मग स्वीकार कुठं येतो? वैद्यबुवांची गोष्ट आपण ऐकलेली आहे. औषध घे, पण घेताना माकड आठवू नकोस. बिचाऱ्या रोग्याला पुडी उघडली की माकडच दिसायचं! 1987 साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी हेच प्रयोगानं दाखवलं, फक्त माकडाऐवजी पांढरं अस्वल होतं. विचार दाबला की तो उसळून वर येतो. ‘मी जाड आहे’ या विचाराचंही तसंच. त्याच्याशी वाद घालावा, तर तो वाढतो. त्याचा हुकूम पाळावा, तर माणूस झिजतो.

नेवाडा विद्यापीठाचे स्टीव्हन हेज स्वतः तीव्र भीतीच्या झटक्यांतून गेलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी व सहकाऱ्यांनी 1999 साली स्वीकारावर आधारलेल्या उपचारपद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. यात रुग्णाला ‘मी जाड आहे’ऐवजी ‘मी जाड आहे असा विचार माझ्या मनात आला आहे’ असं म्हणायला शिकवतात. दोन वाक्यांमधलं अंतर लहान दिसतं, पण त्या अंतरात माणसाला उभं राहायला जागा मिळते. मग विचारतात, वजनाची ही लढाई नसती, तर तू काय केलं असतंस? कुणी म्हणते, शिकले असते. कुणी म्हणते, मैत्रिणींबरोबर सहलीला गेले असते. मग भीती बरोबर घेऊनच त्या दिशेनं पाऊल टाकायचं. भीती जाण्याची वाट बघायची नाही. ताटातला घास हे त्यातलंच एक पाऊल. मार्शा लिनेहान यांनीही स्वीकार आणि बदल यांची सांगड घालणारी पद्धत विकसित केली आणि अतिखाण्याच्या विकारांवर तिचा उपयोग पुढं इतरांनी करून पाहिला.

हे मराठी माणसाला परकं नाही. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. माणसाच्या वागण्याला गुण द्या, माणसाला देऊ नका. स्वतःला विनाअट स्वीकारा, हा तिचा गाभा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या संस्थेनं हा विचार घराघरांत नेला. पुण्याचं ‘मुक्तांगण’ 1986 मध्ये सुरू झालं. व्यसन सोडण्याची पहिली पायरी म्हणजे ‘मला हा आजार आहे’ हे मान्य करणं, ही गोष्ट महाराष्ट्राला उमगली त्यात ‘मुक्तांगण’चा वाटा मोठा आहे.

अर्थात, स्वीकार म्हणजे जादूची कांडी नव्हे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नेहमीच्या निवासी उपचारांना या पद्धतीच्या गटबैठकांची जोड दिली, तेव्हा पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण हा पुरावा अजून लहान आहे. विचार आणि वागणूक बदलणाऱ्या उपचारांचा पुरावा जास्त भक्कम आहे. आणि किशोरवयीन मुलींसाठी तर आईवडिलांनाच सोबत घेणारे उपचार आज आधी सुचवले जातात. ज्या घरच्यांना गल यांनी दाराबाहेर ठेवलं, त्यांनाच वैद्यकानं शेवटी आत बोलावलं. शंभर वर्षांनी झालेला हाही एक तहच.

मी कवी आहे, शब्दांकडे पाहत बसणं हा माझा उद्योग. ‘कबूल’ हा अरबी शब्द मराठीनं इतका आपलासा केला, की तो परका वाटत नाही. पण आपण त्याचा उपयोग गुन्हा कबूल करायला जास्त करतो. शरीर हा काही गुन्हा नाही. ते जसं आहे तसं कबूल करणं म्हणजे आजार कबूल करून गप्प बसणंही नव्हे. उपचार हवेतच. जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. 2022 पासून ‘टेलीमानस’ची 14416 ही सरकारी मोफत सेवा आहे, तिथं मराठीतूनही बोलता येतं. वजन झपाट्यानं उतरत असेल, चक्कर येत असेल, तर वाट पाहू नये.

आणि एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या हातातली. लग्नात, सणाला बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मुलीला आपण पहिलं वाक्य काय बोलतो? ‘किती वाळलीस गं!’ किंवा ‘चांगली सुटलीस की!’ ते वाक्य गिळावं. त्याऐवजी विचारावं, ‘काय वाचतेस हल्ली? कशी आहेस?’ आणि ती सांगेल ते ऐकून घ्यावं.